टाकळा तुझा नसेल, वाक्यं तुझी आहेत

दादर, मुंबई
नारळी पौर्णिमेचा आदला दिवस

प्रिय वैशाली,

फोनवर तू म्हणालीस, "जाऊ दे गं, टाकळा काय माझ्या बापाचा आहे?" मला हसू आलं आणि विषय तिथेच राहिला. रात्री तू पाठवलेल्या दोन्ही लिंक, एक तुझ्या रानभाज्यांच्या साइटची आणि दुसरी तिची नक्कल करणाऱ्या त्या माणसाच्या साइटची, शेजारी शेजारी उघडून वाचल्या आणि हसू पळालं. म्हणून हे पत्र. मेसेजमध्ये मावणार नाही, आणि फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

टाकळा तुझ्या बापाचा नाही, कबूल. टाकळा पहिल्या पावसात उगवतो, कोवळा असतानाच खुडावा, भारंगी कडू म्हणून उकळून पाणी टाकून द्यावं, ही माहिती कुणाच्याच मालकीची नाही. कायद्याचंही तेच म्हणणं आहे. एका नाटकावरून सिनेमा उचलला का, या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७८ सालीच सांगितलंय की कल्पना, विषय, घडलेल्या गोष्टी यांवर कॉपीराइट नसतो. त्या ज्या रीतीने मांडल्या त्या मांडणीवर असतो. उद्या कुणी चिपळूणच्या बाजारात स्वतः हिंडून, स्वतःच्या शब्दांत रानभाज्यांवर साइट काढली, तर तू त्याला चहा पाज. पण "शेवळं दिसली की आमची आजी आधी काकडं विकणारी शोधायची, मग शेवळांचा भाव विचारायची" हे वाक्य तुझं आहे. त्या माणसाने ते आजीसकट उचललंय. आणि पुढचं, काकडं किंवा चिंच घातल्याशिवाय शेवळं घशाला खाजतात हे सांगणारं वाक्य, जागा वाचवायला गाळलंय! म्हणजे आता कुणीतरी ठाण्यात बसून ते पान बघून भाजी करणार, घसा धरून बसणार आणि शिव्या तुझ्या आजीला देणार. एवढं झाल्यावरही तू "जाऊ दे" म्हणणार असशील तर पुढे वाचू नकोस.

माझ्या वेळी सासूबाई चोरीला गेल्या होत्या. माशांच्या साइटवर मी जागोजागी "आमच्या सासूबाई म्हणतात" असं लिहिते हे तुला माहीत आहे. (त्या ते सगळं म्हणालेल्याच असतात असं नाही, पण त्यांची हरकत नाही.) एका वाचकाने विचारलं, "तुम्ही दुसरी साइट काढलीत का?" बघते तर पापलेट, बोंबील, मांदेली, कर्ली, सगळी पानं तशीच्या तशी. माझं नाव होतं तिथे त्याचं नाव घातलेलं. सासूबाई मात्र तशाच राहिलेल्या. तोपर्यंत मलाही नुसती गंमतच वाटत होती. मग पान खाली सरकवलं आणि ती जाहिरात दिसली. घरपोच ताजी मासळी, फोन नंबर, आणि वर आमच्या सिटीलाइटच्या बाजारात मासळी विकणाऱ्या मावशींचा फोटो.

तो फोटो मिळवायला मला एक अख्खा पावसाळा गेला होता. मावशी कॅमेरा दिसला की पदर ओढून घ्यायच्या. एकदा स्वतःच म्हणाल्या, "काढ, पण लावणार कुठे?" मी फोनवर साइट दाखवली, कुठे लागेल ते दाखवलं. म्हणाल्या, "इथेच ना? मग चालेल." मुलाने एकदा त्यांचा फोटो कुठल्याशा मसाल्याच्या पुडीवर पाहिला होता, म्हणून इतकी चौकशी. मला मिळालेली परवानगी ही एवढी होती, "इथेच ना" एवढी. आणि आता त्यांचा चेहरा त्यांनी कधी न पाहिलेल्या माणसाची मासळी विकत होता, तीही जुलैमध्ये. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्या काळात मावशी सुकटबोंबील विकतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात की ताज्या पापलेटचं नाव काढू नका. त्यांच्याच चेहऱ्याखाली लिहिलेलं, ताजा पापलेट, आजच मागवा. माझी वाक्यं चोरली याचा राग मी कदाचित गिळला असता. पण मावशींना दिलेला शब्द माझ्या वतीने दुसऱ्याने मोडला, तो गिळता येईना. तुझ्या पानावरही बाजारातल्या बायकांचे फोटो आहेत. त्यांनी परवानगी तुला दिली आहे, त्या माणसाला नाही.

आणखी एक. २०२३ साली आपल्या सरकारने पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची पकडायची किमान लांबी ठरवून दिली. मी लगेच पानं बदलली, लहान पापलेट घेऊ नका असं मोठ्या अक्षरात लिहिलं. चोरलेली पानं मात्र जुनीच राहिली. "छोटे पापलेट तळायला झकास" हे माझंच जुनं वाक्य तिकडे अजून झळकत होतं. आपण पुढे सरकतो, नक्कल तिथेच थांबते, आणि वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच खरी वाटतात.

आता काय करायचं ते सांगते. सगळ्यात आधी काहीही न बोलता पुरावा गोळा कर. तू त्याला चार शब्द सुनावलेस की तो पानं बदलणार, मग तुझ्या हाती काय राहतं? पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट घे, वर पत्ता आणि तारीख दिसली पाहिजे. पानं कॉम्प्युटरवर सेव्ह कर. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याचं पान जतन करून ठेव, आणि तिथेच तुझी जुनी पानं सापडतात का बघ. ती सापडली तर आधी कोण हा वाद उरतच नाही, कारण तारीख तिसऱ्याने घातलेली असते. फोटोंच्या मूळ फाइल्स शोध, न कापलेल्या. त्याच्याकडे फक्त साइटवरचा छोटा फोटो असणार. मोठा, तारखेसकट, तुझ्याकडेच. प्रकरण कोर्टापर्यंत गेलंच तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली असायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली. पण तिथवर जायची वेळ बहुधा येत नाही.

तू विचारलंस, नोंदणी केलेली नाही, मग हक्क कसला? नोंदणी सक्तीची नाहीच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिलंस त्याच क्षणी हक्क तुझा झाला, आणि तो तुझ्या मरणानंतरही ६० वर्षं राहणार, नातवंडांची सोय. नोंदणी असली तर कोर्टात सिद्ध करायला सोपं जातं, इतकंच.

मग त्याला एक पत्र लिही. छोटं आणि थंड. ही पानं माझी, ही तुमच्याकडची, अमुक तारखेपर्यंत काढा. "जेलमध्ये घालीन" वगैरे अजिबात नको. शिक्षा कॉपीराइट कायद्यात आहे, त्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. पण त्याच कायद्यात कलम ६० सुद्धा आहे. बिनबुडाच्या धमक्या दिल्या म्हणून समोरचा उलट आपल्यावर दावा लावू शकतो. आणि फेसबुकवर त्याचं नाव घेऊन "चोर चोर" करायचा तुझ्या भावाचा बेत रद्द कर. अब्रुनुकसानीची नोटीस आली की मूळ चोरी बाजूला राहते आणि आपणच वकील शोधत फिरतो.

मला काय उत्तर आलं सांगू? "मॅडम, गुगलवर होतं म्हणून घेतलं. हवं तर तुमचं नाव टाकतो." दुसऱ्या दिवशी पानाच्या तळाशी आलं, "सौजन्य : इंटरनेट". आपल्याकडे हा समज भलताच पक्का आहे, की खाली साभार लिहिलं की वर काहीही डकवावं. नाव लावणं वेगळं आणि परवानगी घेणं वेगळं. कायद्यातही ते दोन वेगळे हक्क आहेत. कलम ५७ लेखकाला नावाचा हक्क देतं, आणि आपला मजकूर मोडूनतोडून आपली अप्रतिष्ठा केली तर हरकत घ्यायचाही. तुझ्या काकडांच्या गाळलेल्या वाक्याला ते बहुधा लागू होईल, वकिलाला विचारते.

यानंतर मी त्याच्याशी बोलणंच सोडलं. भाडेकरू ऐकेना तर घरमालकाला गाठावं, तसं मी साइटला जागा देणाऱ्या कंपनीला गाठलं. होस्ट म्हणतात ती. डोमेनची माहिती 'हू-इज' वर बघायची. युरोपचे नियम आल्यापासून, २०१८ नंतर, मालकाचं नाव तिथे सहसा झाकलेलं असतं, पण तक्रारीचा ईमेल असतो. माझ्या चोराचा होस्ट अमेरिकेतला निघाला. तिकडे १९९८ चा डीएमसीए हा कॉपीराइटचा कायदा आहे, त्याखाली मजकूर काढा अशी नोटीस होस्टला देता येते. नोटिशीत तुझं मूळ पान, त्याचं पान, तुझा संपर्क, वापराला परवानगी नाही असं प्रामाणिकपणे वाटतं हे विधान, माहिती खरी आहे हे विधान, तक्रार करायचा अधिकार आपल्याला आहे याची शपथेवर हमी, आणि सही, एवढं लागतं. प्रत्येक पानाचा पत्ता वेगळा द्यायचा. "सगळी साइट चोरीची" एवढं लिहिलंस तर ते विचारणार, नेमकी कुठली पानं? समोरच्याने उलट नोटीस दिली तर दहा ते चौदा कामाच्या दिवसांत आपण दावा लावावा लागतो, नाहीतर मजकूर परत येतो. त्याने दिली नाही. पोकळ माणसं तेवढी सही करत नाहीत, असा माझा अंदाज.

आपल्याकडेही याच वळणाची सोय आहे. कलम ५२(१)(क) आणि २०१३ चे नियम मिळून असं, की लेखी तक्रार आल्यावर मध्यस्थाने, म्हणजे होस्टसारख्या कंपनीने, ३६ तासांत पाऊल उचलायचं आणि २१ दिवस तो मजकूर बंद ठेवायचा. तोवर कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा उघडू शकतो. पण तुझ्या त्या माणसाचा होस्ट कुठला आहे ते आधी बघू.

गुगलचा अर्ज वेगळा. त्याने साइट जात नाही, फक्त शोधात दिसत नाही. माझं अर्धं काम तिथेच झालं, कारण दिसली नाही तर जाहिरात बघणार कोण? मात्र गुगलकडे गेलेल्या अशा नोटिशी ल्युमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहात जातात, त्यामुळे मजकुरात राग, घरचा पत्ता, नवऱ्याचा हुद्दा असलं काही लिहू नकोस.

खरी मजा मात्र यातल्या कशातच नव्हती. त्याने माझे काही फोटो उतरवूनही घेतले नव्हते, थेट माझ्या सर्व्हरवरून ओढत होता. खर्च माझा, मासे त्याचे! भाच्याने काहीतरी बदललं आणि दुपारपर्यंत त्याच्या पानावर प्रत्येक बोंबलाच्या जागी पाटी आली, "हा फोटो परवानगीशिवाय वापरला आहे". सासूबाईंनी ते पान उघडून शेजारच्यांना दाखवलं.

साइट गेली. माफी आली नाही, पैसे आले नाहीत. फोर्टातल्या एका ओळखीच्या वकीलबाईंनी सांगितलं होतं की दावा मुंबईतच लावता येईल, कलम ६२ प्रमाणे आपण राहतो तिथे, त्याच्या गावी खेटे घालावे लागणार नाहीत. पण खर्चाचा आकडा ऐकल्यावर मी स्वतःला विचारलं की मला नेमकं हवंय काय. मावशींचा चेहरा तिथून निघाला होता. मी थांबले. तुला नुकसानभरपाई हवी असेल तर तसं आधीच ठरव, कारण मग पहिल्या पत्रापासून वकील लागेल.

सगळंच मात्र निघत नाही हं. परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर माझाच बोंबलाचा लेख आला, नाव नाही, खाली हात जोडलेले, "अवश्य वाचा". पाठवणारे माझे सख्खे मामा. त्यांना कुठल्या कलमाखाली धरू?

तू जुना फोन भाचीला देणार होतीस ना, तो आत्ता देऊ नकोस. शेवळांचे मूळ फोटो त्यातच असतील. ते आधी लॅपटॉपवर घे, आणि त्या पानाचे स्क्रीनशॉट आज रात्रीच मला पाठव. नोटिशीचा मसुदा मी करते, सही तुझी.

तुझी,
मेधा