शेजारच्या गाडीवाल्या काकांचे आभार

क्लच कव्हरचा 6 एमएमचा बोल्ट आवळताना ‘अजून थोडंसं’ म्हटलं आणि पाना एकदम मोकळा फिरला. बोल्टला गुंडाळून ॲल्युमिनियमची चमकती तार बाहेर आली. आटेच गेले! शेजारी स्वतःची गाडी उघडून बसलेले काका हातातलं काम टाकून आले. बोलणी अजिबात नाहीत (मला खावी लागायलाच हवी होती). 6.3 एमएमचं ड्रिल, खोलीसाठी त्यावर टेपची खूण, कीस इंजिनात पडू नये म्हणून टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) ग्रीस. मग स्टीलची हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवून, ती फिरवायला असलेलं तिचं शेपूट तोडलं, चिमट्याने उचललं. बोल्ट मात्र मलाच आवळायला लावला, माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवून: “बस्स, इथंच.”

काका, नाव विचारायचं राहिलंच. मनापासून आभार. तेलाचा थेंबही गळत नाही.