आंग्रे चाचे, तर इंग्रज कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विजयदुर्ग जागतिक वारसा यादीत गेल्याचा आनंद आम्हा देवगडकरांना आहेच. पण बाहेरचे पर्यटक जो इंग्रजी मजकूर वाचून गडावर येतात, त्यात मराठ्यांचे आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांचा उल्लेख अजून ‘चाचे’ असाच असतो. का, तर त्यांनी इंग्रजांची जहाजे धरून आपल्या आरमारात घातली.

धरलीच होती. 1735 साली कान्होजी आंग्र्यांचे पुत्र संभाजी यांनी ईस्ट इंडिया कंपनीचे ‘डर्बी’ हे जहाज पकडले. 1749 साली त्यांचे भाऊ तुळाजी यांनी ‘रेस्टोरेशन’ घेतले, आणि ते काही मालवाहू गलबत नव्हते, कंपनीच्या बॉम्बे मरीनचे लढाऊ जहाज होते. फेब्रुवारी 1756 मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले तेव्हा हे जहाज आंग्र्यांच्या ताफ्यातच उभे होते. (पेशवे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने होते, हे आजही जिव्हारी लागते.) उखळी तोफेचा एक गोळा नेमका रेस्टोरेशनवर पडला. त्याने पेट घेतला आणि खाडीत खेटून उभ्या असलेल्या गुराबा (मोठी लढाऊ जहाजे) नि गलबते एकामागून एक जळाली. कान्होजींनी उभे केलेले आरमार तिथे संपले. गडात सापडलेली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. त्यांना मात्र कोणी चाचे म्हटले नाही.

शत्रूची युद्धनौका घेऊन वापरणे हे सगळ्याच आरमारांनी केले आहे. 1941 साली आइसलँडच्या दक्षिणेला यू-570 ही जर्मन पाणबुडी ब्रिटिशांना शरण आली. त्यांनी तिला ‘ग्राफ’ नाव देऊन, स्वतःचे खलाशी बसवून जर्मनांवरच सोडले. अमेरिकेची ‘स्टुअर्ट’ ही विनाशिका 1942 मध्ये सुरबायाच्या गोदीत जायबंदी पडली होती. जपान्यांनी ती वर काढून ‘गस्तीनौका 102’ म्हणून वापरली. शत्रूच्या मुलखात आपल्या घाटाची नौका फिरताना पाहून दोस्तांचे वैमानिक बुचकळ्यात पडत. युद्ध संपल्यावर ती अमेरिकेला परत मिळाली. या दोन्ही प्रकरणांत कोणी चाचेगिरीचा शब्द काढत नाही.

पुरातत्त्व खात्याने गडाच्या माहितीफलकांवर, मराठीत आणि इंग्रजीतही, रेस्टोरेशनची हकिकत नावानिशी द्यावी आणि आंग्र्यांचा उल्लेख मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, असा करावा. वाघोटन खाडीच्या तळाशी त्या ताफ्याचे काही अवशेष असतील, तर त्यांचाही कसून शोध व्हावा.

– एक वाचक, देवगड