विषय : कोलोरॅडोच्या १८७७ सालच्या नकाशाची सदोष छपाई

व्यवस्थापक, छपाई विभाग,

आज चौथा फोन केला. उत्तर तेच मिळालं, म्हणून लेखी देते आहे.

मी दिलेली फाईल हेडन सर्वेक्षणाच्या, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या सरकारी मोजणीच्या, ॲटलासमधल्या नैऋत्य कोलोरॅडोच्या पानाची होती. प्रमाण एका इंचाला चार मैल, समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २०० फुटांना. तुमच्या फ्रेममध्ये बसावी म्हणून तुम्ही ती आडवी दाबली, उंची तशीच ठेवली. आता पूर्व-पश्चिम मोजलं तर एक प्रमाण येतं, उत्तर-दक्षिण मोजलं तर दुसरं. शिवाय नकाशा 'साफ' करताना सॅन हुआन पर्वतातल्या समोच्च रेषाच पुसल्या.

मला त्याच हव्या होत्या. तिथून खंडाचा जलविभाजक जातो. एका उतारावरचं पाणी रिओ ग्रँडेतून मेक्सिकोच्या आखाताला, पलीकडचं सॅन हुआन नदीतून कोलोरॅडो नदीला मिळून कॅलिफोर्नियाच्या आखाताकडे. नववीच्या मुलांनी बोट फिरवत ती डोंगरधार शोधायची होती.

तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, बारीक रेषांनी चित्र मळकट दिसत होतं." मी म्हटलं, अहो, त्या रेषा म्हणजेच डोंगर. तर म्हणे, "भिंतीवर लावल्यावर एवढं कोण बघतंय?" मी सांगितलं, पस्तीस मुलं बघणार आहेत. "मग मोबाईलवर दाखवा ना, त्यात सगळं असतं." मागे कोणीतरी हसलं. मला ते हसणं अजून ऐकू येतंय.

१८७४ मध्ये या सर्वेक्षणातले ए. डी. विल्सन आणि फ्रँकलिन ऱ्होडा याच पर्वतात शिखरामागून शिखर चढत होते. एका माथ्यावर वादळाची वीज हवेत भरली, केस ताठ उभे राहिले, खडक गुणगुणू लागले, तरी जमेल तितका वेळ ते कोन मोजत राहिले. अशा मोजणीतून हा नकाशा झाला. त्यातला जलविभाजकाभोवतालचा मोठा भाग १९७५ पासून वेमिनूच अरण्य म्हणून राखीव आहे. त्या माणसांचं काम तुम्ही मळ समजून पुसलंत!

याआधी सह्याद्रीचे नकाशे तुमच्याकडूनच छापून घेतले होते. एक रेष हलली नव्हती. म्हणून विश्वासाने आले, आणि म्हणूनच जास्त लागलं.

मूळ फाईलवरून, मूळ मापात, एकही समोच्च रेषा न पुसता पुन्हा छापून द्या. आडवी दाबू नका, हे परत सांगते. पंधरा दिवसांत नकाशा किंवा पूर्ण पैसे मिळाले नाहीत, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. तुम्ही छापलेली प्रत आणि पावती जपून ठेवली आहे.

एक भूगोल शिक्षिका