बॅजच्या अर्जावर वेळेत सही न झाल्याबद्दल आणि एस्कॉर्ट नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, खाजगी विमान सेवा विभाग

महोदय,

गेली सहा वर्षे माझे सेसना १७२ हे छोटे विमान तुमच्या रॅम्पवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेत, टाय-डाउन जागा क्र. १७ वर दोरांनी बांधलेले असते. भाडे एकदाही थकलेले नाही, म्हणून हे हक्काने लिहीत आहे.

विमानतळाच्या सुरक्षित भागात जाण्यासाठी लागणाऱ्या माझ्या ओळखपत्राची, म्हणजे बॅजची, मुदत ३१ मार्चला संपत होती. नूतनीकरणाचा अर्ज मी ६ मार्चलाच तुमच्या काउंटरवर दिला. या विमानतळावर आम्हा खाजगी वैमानिकांचा अर्ज तुमच्या अधिकृत सहीकर्त्याच्या सहीशिवाय बॅज-कार्यालय हातातही घेत नाही. तुमचा सहीकर्ता फेब्रुवारीतच नोकरी सोडून गेला होता, हे मला कोणी सांगितले नाही. चार वेळा फोन केला, चारही वेळा "पुढच्या आठवड्यात होईल" असे उत्तर मिळाले. नव्या माणसाला विमानतळाचे प्रशिक्षण घ्यावे लागते, हे मला मान्य आहे. पण एवढ्या मोठ्या रॅम्पवर सहीचा अधिकार एकाच माणसाकडे का होता? १ एप्रिलला माझा बॅज बंद झाला.

११ एप्रिलला दुपारी वादळाचा इशारा आला. मी जादा दोर घेऊन गेटवर पोहोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. जाळीच्या कुंपणातून माझे विमान दिसत होते, जेमतेम ५० मीटरवर. डाव्या पंखाचा दोर सैल पडला होता. प्रत्येक झोताबरोबर पंख वर जायचा, दोर ताणला जायचा आणि विमान चाकावर धपकन बसायचे. रिकामे असताना त्याचे वजन जेमतेम सातशे-साडेसातशे किलो. धावपट्टीवर ५५ नॉटला (ताशी सुमारे १०० किमी) ते नाक उचलते, आणि त्या संध्याकाळी वारा ४० नॉटपर्यंत (ताशी सुमारे ७५ किमी) गेला. काउंटरवर मी हात जोडून म्हणालो, "तुमचा माणूस सोबत द्या, पाच मिनिटांत दोर आवळून येतो." उत्तर मिळाले, "बॅज संपलेल्याला एस्कॉर्ट देता येत नाही, टीएसएचा नियम आहे." टीएसए म्हणजे अमेरिकेची वाहतूक सुरक्षा यंत्रणा. पाच वाजता कार्यालय बंद झाले. मी अंधार पडेपर्यंत जाळी धरून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी बॅज-कार्यालयात विचारले. त्यांनी सांगितले की या विमानतळावर बॅज संपलेल्या भाडेकरूला बॅजधारक कर्मचाऱ्याच्या नजरेखाली विमानापर्यंत नेता येते. म्हणजे मला थांबवले ते तुमच्या काउंटरने, नियमाने नव्हे.

माझी खरी तक्रार इथे आहे. २००९ साली टीएसएच्या सुरक्षा निर्देशाने प्रवासी वाहतूक असलेल्या विमानतळांवर आमच्यासारख्यांनाही पार्श्वभूमी तपासणी आणि बॅज लागू झाला. असे निर्देश संवेदनशील सुरक्षा माहिती म्हणून बंद ठेवले जातात. मी ते मागवून वाचू शकत नाही. आम्हाला नियम कळतो तो फक्त तुमच्या काउंटरवरच्या माणसाच्या तोंडून, त्यामुळे त्याने चुकीचे सांगितले तर आमच्या हातात दाखवायला काहीच नसते.

वैमानिक परवानाही कामाला येत नाही. त्यावर माझा फोटोच नाही, राइट बंधूंची चित्रे आहेत. २००४ च्या कायद्याने परवान्यावर धारकाचा फोटो असावा असे सांगितले होते, तो अजून आलेला नाही. दुसऱ्या विमानतळाचा बॅज माझ्याकडे आहे, पण तो इथे चालत नाही. सुरक्षेला माझा विरोध नाही. त्याच कुंपणाच्या आत प्रवासी विमाने उभी राहतात, आणि माझीही मुले त्यातून प्रवास करतात.

बॅज अखेर २९ एप्रिलला हाती आला. प्रवासी नेण्यासाठी मागच्या ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि लँडिंग झालेले असावे लागतात. तोवर माझे ते हुकले होते, त्यामुळे प्रवासी घेऊन उडण्याची माझी पात्रता गेली. मुलीला पहिल्यांदा सोबत नेण्याचे कबूल केले होते, ते रद्द करावे लागले. डाव्या पंखाच्या टाय-डाउन कड्याजवळ पत्रा वाकला आहे. मेकॅनिकचा अहवाल आणि फोटो सोबत जोडले आहेत.

माझ्या मागण्या अशा: एप्रिलचे पूर्ण भाडे परत करावे आणि पंखाच्या दुरुस्तीचे बिल तुम्ही भरावे. सहीचा अधिकार किमान दोघांना द्यावा, आणि सहीकर्ता बदलला तर सर्व भाडेकरूंना त्याच आठवड्यात कळवावे. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी कार्यालय बंद झाल्यावरही एस्कॉर्टसाठी बॅजधारक माणूस फोनवर उपलब्ध असावा. एस्कॉर्ट कोणाला मिळतो आणि कोणाला नाही, हे बॅज-कार्यालयाकडून तपासून घेऊन काउंटरवर लेखी लावावे.

१५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास हेच पत्र मी विमानतळ प्रशासनाच्या भाडेकरार विभागाकडे देईन.

आपला,
टाय-डाउन जागा क्र. १७ चा भाडेकरू

सोबत: अर्जाची पोच, मेकॅनिकचा अहवाल, फोटो