गंजावर आधी पाणी, मग लेप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीतला समुद्रकाठच्या गाड्यांविषयीचा लेख वाचला. पॉलिश, सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा कडक पारदर्शक लेप), अंडरकोटिंग (गाडीच्या तळाला मारायचा लेप) यांची माहिती भरपूर आहे. गाडी धुण्याच्या वाट्याला मात्र जेमतेम अर्धी ओळ आली आहे. क्रम उलटा हवा होता. खाऱ्या हवेत पहिले औषध म्हणजे साधे गोडे पाणी. लेपाचा नंबर त्यानंतर.

कारण मिठाच्या स्वभावात आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटल्या की बारीक तुषार वाऱ्यावर चढतात आणि पत्र्यावर येऊन बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधे मीठ आपणहून पाझरू लागते. समुद्री क्षारांतले मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही हवेतले पाणी ओढून घेते. म्हणजे पाऊस नसला आणि गाडी कोरडी ठणठणीत दिसली तरी पत्र्यावर ओल असू शकते. लोखंड, प्राणवायू आणि ओल एकत्र आले की गंज चढतोच. गंज चढताना पत्र्यावर बारीकसा वीजप्रवाह चालू असतो; क्षारांमुळे त्या ओलीतून वीज सहज वाहते आणि तेच काम कितीतरी वेगाने होते.

यातून निघणारी एक गोष्ट पुष्कळांना पटत नाही. छपराखालची गाडी निर्धास्त, असे समुद्राजवळ धरून चालता येत नाही. उन्हापासून रंग वाचतो, हे खरे. पण उघड्यावरच्या गाडीवरचे मीठ पाऊस तरी धुऊन नेतो, छपराखाली ते साचत राहते. एकाच गाडीचे टप शाबूत आणि मडगार्डची आतली कड सडलेली, असे दिसते तेही यामुळेच. ओल्या गाडीवर प्लास्टिकचे कव्हर घालणाऱ्यांनी तर कव्हर न घातलेलेच बरे.

तेव्हा बॉनेट चकचकीत करण्यात वेळ घालवण्यापेक्षा पाण्याची नळी खाली घालावी: मडगार्डच्या आत, चासीच्या कोपऱ्यांत, सायलेन्सरच्या पट्ट्यांवर. गाडी पुळणीवर नेली असेल तर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. नंतर दरवाजा उघडून खालच्या कडेवरून बोट फिरवावे. लहान लांबट भोके हाताला लागतात. काचेच्या फटीतून आत उतरलेले पाणी तिथून बाहेर पडते. वाळू आणि धुळीने ती बुजली की दरवाजाच्या पोटात पाणी साचते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो फुगून रंग उचलतो. दरवाजाच्या खालच्या कडेला मसुराएवढा फोड दिसेपर्यंत आतले काम बरेच पुढे गेलेले असते. त्यावर नुसती पुट्टी आणि रंग मारणे म्हणजे पैसे पाण्यात.

अंडरकोटिंगला माझा विरोध नाही. पण न धुतलेल्या, नीट न वाळलेल्या पत्र्यावर मारलेला जाड डांबरी लेप मीठ आणि ओल आतच कोंडून ठेवतो. एका जुन्या गाडीखालचा असा लेप मी स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहिला. वरून काळाभोर, अखंड. टोक आत गेले तसे पत्र्याऐवजी तांबूस पापुद्रे गळू लागले. आधी खरवडणे, धुणे आणि पूर्ण वाळवणे, मगच लेप. गॅरेजवाल्याची याला तयारी नसेल तर लेप न केलेला परवडला. पोकळ भागांत मेणाचा किंवा लॅनोलिनचा (मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट पदार्थाचा) मऊ लेप चांगला, कारण तो सांध्यांत मुरतो. तो अधूनमधून पुन्हा मारावा लागतो. आणि भोकांवर लेप बसू देऊ नये, हे काम करणाऱ्याला बजावून सांगावे.

लेखातली एक शिफारस मात्र मला मुळीच पटली नाही: बॅटरीला जोडायचे ‘इलेक्ट्रॉनिक गंजरोधक’ यंत्र. त्यामागची कल्पना जहाजांवरून उचललेली आहे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून वाचवता येतो, हे दाखवले. आजही जहाजांचे तळ आणि जमिनीखालच्या नळ्या याच तत्त्वावर सांभाळल्या जातात. पण जहाज पाण्यात बुडालेले असते, विजेचा मार्ग त्या पाण्यातून पूर्ण होतो. गाडी हवेत उभी असते. तिथे तो पूर्ण व्हायचा कुठून? गाडीच्या पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा उपयोगी पडतो, कारण तो लोखंडाला चिकटलेला असतो आणि ओरखडा पडला तरी तिथे आधी स्वतः झिजतो. तोही संपतोच, म्हणून खडी लागून उडालेला रंग लगेच भरावा.

ब्रेकबद्दल लेखात काहीच नाही. बीडाच्या डिस्कवर सकाळी दिसणारा तांबूस थर चार-दोनदा ब्रेक दाबला की निघून जातो, त्याची काळजी नको. ब्रेक ऑइलच्या लोखंडी नळ्यांवरचा गंज असा पुसला जात नाही. नळी फुटली तर ब्रेकच जाईल. म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी गाडी वर उचलली की त्या नळ्या आपल्या डोळ्यांनी पाहाव्यात; जुनी गाडी घेतानाही आधी तिथेच टॉर्च मारावा.

पुढच्या पुरवणीत दरवाजातली आणि दरवाजाखालच्या पायरीची पाणी निघायची भोके कुठे असतात, याचे एखादे साधे चित्र छापता आले तर पाहावे. ओळखीतल्या बहुतेक गाडीवाल्यांना ती ठाऊकच नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक