मिस्त्री, तुम्ही माझं बोट धरलंत

मिस्त्री, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर असलं काही वाचत नाही हे ठाऊक आहे. नातवाला वाचून दाखवायला सांगा. समोर आभार मानायला गेलो तर तुम्ही हात झटकून "चहा घ्या" म्हणणार, म्हणून हे चार लोकांत लिहितोय.

वाचणाऱ्यांसाठी आधी सांगतो, विषय आरशाचा आहे. बापूंच्या जीपचा बाहेरचा, उजव्या बाजूचा, गोल आरसा. एवढ्याशा वस्तूच्या जागेसाठी मी दीड वर्ष हिंडलो. घरात यावरून माझी जेवढी थट्टा झाली तेवढी लग्नातसुद्धा झाली नव्हती.

जीप महिंद्रची, सीजे-थ्री-बी. बापूंनी सरकारी लिलावात घेतली, पंचवीस वर्षं शेतावर राबवली आणि ते गेल्यावर ती गोठ्याशेजारी उभी राहिली. मी ती दुरुस्तीला काढली तेव्हा बाहेरचा आरसा नव्हताच. कुठं होता हेही कुणाला आठवेना. बापूंचा तिच्यातला एकच फोटो आहे. त्यात ते कोपर बाहेर काढून ऐटीत बसलेत, आणि ते कोपर नेमकं आरशाच्या जागेवर!

पहिला गॅरेजवाला शहरातला. भिंतीवर परदेशी गाड्यांचे फोटो, बसायला गार केबिन. त्यानं विचारलं काही नाही, थेट पुढच्या दोन्ही मडगार्डांवर चकचकीत आरसे ठोकले. भोकं चार. "जुन्या गाड्यांना आरसे इथंच असतात," म्हणाला. असतात, पण कुठल्या? जुन्या लँड रोव्हरला असायचे. जपानमध्ये तर १९८३ पर्यंत दरवाज्यावरच्या आरशाला परवानगीच नव्हती, म्हणून तिकडच्या लँड क्रूझरचे आरसे पुढं मडगार्डवर. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. पण थ्री-बीचं बोनेट उंच. तिच्या हरिकेन इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-इंधन आत घेणाऱ्या झडपा, वर हेडमध्ये, इंजिनाच्या माथ्यात गेले, इंजिनाची उंची वाढली, आणि त्याला झाकायला बोनेटही चढवावं लागलं. चालकाच्या जागेवर बसलं की डावं मडगार्ड त्या बोनेटाआड जातं. म्हणजे तिथला आरसा मला नाही, रस्त्यावरच्या लोकांना भांग पाडायला. उजवीकडचा दिसायचा, पण मडगार्डचा पत्रा इतका थरथरायचा की मागचा एक ट्रक मला तीन दिसायचा. आणि आरसा जरा हलला की गाडी थांबवा, उतरा, फिरवा, परत बसून बघा.

दुसऱ्यानं आरसा समोरच्या काचेच्या फ्रेमवर लावला. या जीपची ती काच बिजागरीवर पुढं बोनेटवर पाडता येते. दिसायला बरा होता. घाटात हौसेनं काच पुढं पाडली, तर आरसाही फ्रेमबरोबर खाली गेला आणि बोनेटवर आपटून तडकला. बिल मात्र तडकलं नाही, पूर्ण घेतलं.

तिसरा तर थोरच. "दरवाज्यावर लावू, तीच आजची पद्धत." म्हटलं, दादा, हिला दरवाजेच नाहीत. तर म्हणे, "मग आधी दरवाजे लावू."

अशा अवस्थेत, मिस्त्री, मी तुमच्या शेडमध्ये आलो होतो. खरं तर फाळक्याच्या डेंटिंगला. जुन्या बाजारात मिळालेला गोल आरसा सीटखाली पडला होता. तो दाखवून मी म्हणालो, "जाता जाता हाही बसवून टाका, कुठंही." ड्रिल तुमच्या पोराच्या हातात सुरूच होतं. तुम्ही त्याला थांबवलंत आणि मला विचारलंत, "कुठंही कसं? हिला जागा असंल की."

मग गुडघे दुखत असताना, खाली पोतं टाकून, तुम्ही डॅशखाली शिरलात. बाहेरून मी शंभर वेळा हात फिरवला होता, पण तिथं लांबीचे, म्हणजे भोकं बुजवायच्या लेपाचे, नि रंगाचे थर. आतून कोण कशाला रंगवतंय! किती वेळ झाला माहीत नाही, आतून आवाज आला, "साहेब, हात द्या." मी वाकून हात आत घातला. तुम्ही माझं बोट धरलंत आणि पत्र्यावर एका जागी टेकवलंत. गोल कड लागली. मग ते दोन बोटं खाली सरकवलंत. दुसरी कड. काचेच्या बिजागरीच्या जरा खाली, उजव्या अंगाला. दोन भोकं, कधीतरी लांबीनं बुजवलेली.

"सापडलं" असं ओरडला नाहीत. आधी माझ्या बोटाला कळू दिलंत. मला लहानपणी बापूंनी असंच बोट धरून या जीपचा चोक दाखवला होता, तो खेचायचा किती आणि सोडायचा कधी. त्या क्षणी मी काही बोललो नाही, कारण बोलता येत नव्हतं. तुम्हाला वाटलं असेल, साहेबाला धूळ लागली.

जागा बघितल्यावर सगळं सरळच वाटलं. तिथला पत्रा दुमडीमुळं ताठ आहे, मडगार्डसारखा नाचत नाही. काच पाडली तरी आरसा उभाच राहतो. बसल्या जागी हात लांब केला की फिरवता येतो. महायुद्धातल्या विलीज जीपलाही बाहेरचा आरसा एकच, चालकाच्या बाजूला, म्हणजे त्यांच्या डावीकडं. आपल्या उजव्या स्टिअरिंगला तो उजवीकडं आला. ज्यानं पहिल्यांदा ही दोन भोकं पाडली त्याला बोनेटही ठाऊक होतं आणि बसणाऱ्याचा हातही.

तुम्ही डेंटिंगचे पैसे चोख घेतलेत, एक रुपया सोडला नाहीत, ते मला आवडलं. आरशाचे विचारले तर म्हणालात, "ते तिथं होतंच. दोन बोल्टांचे द्या." आणि आजच्या रस्त्याला डावीकडूनही दुचाक्या घुसतात म्हणून डाव्या बाजूला एकही भोक न पाडता पट्टीचा क्लॅम्प करून दिलात, काच पाडायच्या आधी काढून ठेवायचा.

ड्रिल चालवायला येणारे खूप भेटतात. भोक पाडण्याआधी विचारणारा माणूस मला दीड वर्षांत एक भेटला. डॉक्टर, वकील, बांधकामवाले, सगळ्यांत अशी माणसं असतील, आहेतही, पण त्यांच्या दाराला पाटी नसते. तुमच्या शेडलाही नाही.

आता चाळीसच्या वेगात मागचा ट्रक एकच दिसतो. दिवाळीनंतर हूड शिवून आला की गाडी घेऊन येतो. मडगार्डवरची ती चार भोकं अजून तशीच आहेत, ती तुमच्याच हातून बुजवायची आहेत. तोवर त्यांवर काळी चिकटपट्टी लावलीय. बघून हसू नका.