पहाटे चारची गाडी

प्रिय डॉक्या,

आधी शिव्या घालून घे. दीड वर्ष झालं, तुझे दोन मेसेज तसेच पडलेत, त्यातल्या एकाला तर मी नुसता अंगठा टाकला होता. कामाचं कारण सांगणार होतो पण तू विश्वास ठेवणार नाहीस, आणि खरं कारण तुला माहितीच आहे. तब्येत ठीक, शुगर गोळीवर आहे, डावा गुडघा कुरकुरतो, झालं.

लिहायला बसलो कारण गेल्या रविवारी मी लोकांच्या घरी वडा खाता खाता भांडलो. कुणाशी तर साठीच्या एका काकूंशी, आणि कुणावरून तर जॉन अ‍ॅडम्सवरून, म्हणजे अमेरिकेच्या दुसऱ्या राष्ट्राध्यक्षावरून. हस. घरी बायकोही हसली, मग गाडीत बसल्यावर म्हणाली, हे अ‍ॅडम्सचं नव्हतं ना? मी रेडिओ लावला.

झालं असं की इथे न्यू जर्सीत एडिसनला आमचा आठ-दहा मराठी टाळक्यांचा वाचायचा अड्डा आहे, कुणाच्यातरी बेसमेंटमधे. यंदा अमेरिकेला २५० वर्षं म्हणून डेव्हिड मॅकलोचं 'जॉन अ‍ॅडम्स' घेतलं. २००१ चं आहे, पुलित्झरवालं, सातशेच्या वर पानं, त्यामुळे निम्म्यांनी ऑडिओ ऐकलं आणि एकाने नुसती टीव्ही सिरीज बघून मतं मांडली, आणि सगळ्यात जास्त मतं त्याचीच. सुरुवात झकास आहे हं, १७७६ चा जानेवारी, बर्फ, दोन घोडेस्वार, त्यातला एक अ‍ॅडम्स फिलाडेल्फियाला निघालाय. मी पहिली पन्नास पानं लोकलमधे वाचत होतो तर स्टेशन चुकलं.

काकूंचं म्हणणं, लेखक हिरोच्या प्रेमात पडलाय. आणि ते खोटं नाही. त्याला म्हणे आधी अ‍ॅडम्स आणि त्याचा जुना मित्र जेफरसन (तोच, पुढचा राष्ट्राध्यक्ष) दोघांवर मिळून लिहायचं होतं, भीती ही की उंच देखणा जेफरसन बुटक्या जाड्याला खाऊन टाकेल, आणि झालं उलटंच, जेफरसनलाच बाहेर बसवलं. मग जिथेतिथे जेफरसन आला की त्याची उधारी, त्याची पॅरिसची खरेदी, तिथून निघताना भरलेली ८६ खोकी, आणि आमचा अ‍ॅडम्स मात्र स्वतःच्या शेतात दगड रचतोय. इथे जन्मलेली एक मुलगी येते, ती म्हणाली अ‍ॅडम्सने गुलाम ठेवले नाहीत याची शाबासकी किती वेळा द्यायची, आणि ज्याने आयुष्यभरात सहाशेच्या वर माणसं मालकीची ठेवली त्याच्याबद्दल लिहिताना सूर एवढा सांभाळून का? यावर कुणाला पटकन उत्तर सुचलं नाही. रिटायर्ड इंजिनिअर म्हणाले, माणूस दिसतो पण त्याचं डोकं दिसत नाही, राज्यघटनांवर त्याने एवढं जाडजूड लिहिलं त्याला पानं किती, आणि बायकोला सर्दी झाली त्याला किती. हेही खरंच.

अ‍ॅडम्सच्या बायकोवर, अ‍ॅबिगेलवर मात्र एकमत. ती लिहिते बायकांना विसरू नका, नवऱ्यांच्या हातात अमर्याद सत्ता देऊ नका, आणि हा शहाणा उत्तर देतो की मला हसू येतंय. काकूंनी तेवढा उतारा मोठ्याने वाचला आणि वाचून झाल्यावर काकांकडे बघितलं. काका वड्याकडे बघत होते.

मग १७९८ चे कायदे निघाले. सरकारवर टीका केली की तुरुंग, परदेशी माणूस नकोसा वाटला की हाकला, आणि नागरिकत्वासाठी पाच वर्षांऐवजी १४ वर्षं राहायची अट. सह्या सगळ्या अ‍ॅडम्सच्या. व्हरमाँटच्या एका खासदाराला तर आत टाकलं आणि तो पठ्ठ्या तुरुंगातून निवडून आला. आमच्यातला एक जण ग्रीन कार्डच्या लायनीत अकरा वर्षं उभा आहे, तो शांतपणे म्हणाला, १४ वर्षं म्हणजे वनवास, पण रामाला निदान तारीख माहीत होती. सगळे फुटले. पण मुद्दा असा की पुस्तकात हे सगळं लेखक 'काळच तसा होता' म्हणून मऊ करतो, मला स्वतःला ते खटकलं. म्हणजे मी काही आंधळा भक्त नाही हे लक्षात घे.

आता भांडण. १८०० ची निवडणूक अ‍ॅडम्स हरला, जेफरसन जिंकला. त्याआधी जेफरसनने काय केलं होतं, तर कॅलेंडर नावाच्या एका पेपरवाल्याला पैसे दिले आणि त्याने अ‍ॅडम्सबद्दल इतकं गलिच्छ लिहिलं की मी इथे लिहित नाही, तुझी मुलगी पत्र वाचेल. स्वतः हात स्वच्छ, बोलायचं दुसऱ्याच्या तोंडून. (बंड्या. ग्रुपवर. पुढे मी काही म्हणत नाही.) शपथविधीच्या दिवशी, ४ मार्च १८०१ ला, अ‍ॅडम्स पहाटे चारच्या गाडीने गाव सोडून गेला. थांबला नाही. आणि काकू म्हणाल्या, "रडका! एवढा मोठा माणूस आणि मित्राच्या आनंदात उभं राहता आलं नाही."

डॉक्या, मला काय झालं माहीत नाही. मी म्हणालो, तीन महिन्यांपूर्वी त्याचा मुलगा दारू पिऊन पिऊन मेलाय, त्याला बोलावलं होतं की नव्हतं याचासुद्धा पत्ता नाही, तुम्ही असता तर गेला असता का टाळ्या वाजवायला? आवाज चढला होता. मग मी असंही म्हणालो की रात्री निघणाऱ्या माणसाला झोप लागलेली नसते हे तुम्हाला काय कळणार. एकदम शांतता. कुणीतरी चहा विचारला.

तुला कळलं ना. मुकुंदाची वास्तुशांत सकाळी नऊला होती आणि मी रात्री तीनची टॅक्सी करून मुंबईला गेलो, फ्लाइट संध्याकाळची होती. दिवसभर एअरपोर्टवर बसलो. हे फक्त तुला माहितीये, आणि तू इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाहीस, बहुतेक.

अ‍ॅडम्स-जेफरसनचा अबोलाही अकरा वर्षं चालला हं. माझ्या-मुकुंदासारखाच, मोजून. आणि मिटवलं कुणी, तर एका डॉक्टरने. बेंजामिन रश. फिलाडेल्फियाचा, दोघांचा दोस्त. डॉक्टर म्हणून तुझ्यापेक्षा भयंकर, पिवळ्या तापाच्या साथीत लोकांचं रक्त काढत सुटला होता. तर या रशने १८०९ मधे अ‍ॅडम्सला लिहिलं की मला स्वप्न पडलं, स्वप्नात इतिहासाचं पुस्तक होतं आणि त्यात लिहिलं होतं की तुम्ही दोघं परत बोलायला लागलात. अ‍ॅडम्सने स्वप्नाचं कौतुक केलं आणि दोन वर्षं ढिम्म बसला. मग व्हर्जिनियातले दोघे भाऊ त्याच्याकडे आले, त्यांच्यापुढे जेफरसनच्या नावाने भरपूर गरळ ओकून झाल्यावर बोलता बोलता म्हणून गेला की माझं जेफरसनवर कायम प्रेम होतं, अजून आहे. ते तिकडे पोचलं, तिकडून रशकडे आलं, रशने परत इकडे ढकललं. १ जानेवारी १८१२ ला अ‍ॅडम्सने पहिलं पत्र टाकलं. तेही काय, तर तुला घरी विणलेल्या कापडाचे दोन तुकडे पाठवतोय. जेफरसनने गंभीरपणे उत्तर लिहिलं, व्हर्जिनियात माग किती, सूत कसं काततात वगैरे. नंतर पार्सल आलं तर त्यात अ‍ॅडम्सच्या मुलाची भाषणांची पुस्तकं, दोन खंड. जोक होता! मुकुंदाच की रे हा, डिट्टो. मिसळ खाताना मारलेला माझा जोक त्याला परीक्षा संपल्यावर कळला होता.

तर आता माझा खरा प्रश्न, त्यासाठी एवढं पुराण. दोन गणपतींपूर्वी तू फोनवर म्हणालास की मुकुंदा परवा म्हणत होता, पक्या असता तर मजा आली असती. मी तुला म्हणालो तू पेशंट बघ, मधे पडू नकोस. चुकलं माझं, फार वाईट बोललो, आणि त्यानंतरच तुला लिहायचं राहत गेलं. पण तो खरंच म्हणाला होता का? याच शब्दांत? की ते तुझं स्वप्न होतं? कारण तू हे करू शकतोस, कॉलेजात त्या दोघांचं जमवताना दोघांनाही तू तेच वाक्य सांगितलं होतंस. माझी गोची अशी आहे की तो म्हणाला असेल तर मला लिहायला हवं, आणि नसेल म्हणाला तर मी लिहिल्यावर तो बंड्याला दाखवेल आणि दोघं मिळून हसतील. असं वाटतं, मग वाटतं पन्नाशी उलटल्यावर कोण हसतंय. काकू शेवटी असंही म्हणाल्या की हरलेल्यानेच आधी लिहिलं, स्वाभाविकच आहे. यावर मी भांडलो नाही. पुढे मोजलं तर अ‍ॅडम्सची पत्रं १०९ आणि जेफरसनची ४९. अ‍ॅडम्स म्हणायचा माझी चार झाली तरी तुझं एक भारी आहे, काळजी करू नको. मला नाही जमणार बाबा. मी एकास एक बघणार.

आणि रश पुढच्याच वर्षी एप्रिलमधे गेला. त्याने जमवलेल्यातलं फार वाचायला मिळालं नाही त्याला. तू बीपीची गोळी घेतोस ना?

हां, तुझं विचारायचं राहिलंच. तुझ्या घरच्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं ना, फिजिओ टाळू देऊ नकोस. लेकीच्या नीट परीक्षेचं काय झालं, कळव. नवीन सोनोग्राफी मशीनचे फोटो बघितले, भारी, हप्ते किती ते विचारत नाही. पुस्तकात अ‍ॅडम्सच्या मुलीच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आहे, १८११, घरातच, भूल न देता. बायकोने ती पानं सोडली. तू वाच, तुला झेपेल.

पुस्तक तुझ्या पत्त्यावर पाठवतोय. पहाटे चारच्या पानावर पेन्सिलने रेघ आहे. तुझं वाचून झालं की त्याला देशील का? की नको देऊस? आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे, मग ठरवू. आणि डॉक्या, खोटं असेल तर खोटं म्हणून सांग.

तुझा,
पक्या

ता.क. १७७६ मधे अ‍ॅडम्स आणि बेंजामिन फ्रँकलिन न्यू ब्रन्सविकच्या खाणावळीत एका पलंगावर झोपले होते, माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. एकच बारकी खिडकी. अ‍ॅडम्सने लावली, तर फ्रँकलिन म्हणाला उघड, गुदमरू, आणि सर्दी कशाने होते यावर लेक्चर सुरू केलं, ते ऐकता ऐकता अ‍ॅडम्स झोपला. सदाशिव पेठ, कॉट बेसिस, डिसेंबर, आठवलं? त्याला विचार अजून खिडकी सताड उघडी टाकून झोपतो का. मी विचारलंय म्हणून सांगू नकोस. म्हणजे निसटलं तोंडातून तर निसटू दे.